लघु अद्भुतकथा आणि लेखकाचे आत्मसंपादन

स्पर्धेसाठी आलेल्या कथेला लेखक नसतो. परीक्षकासमोर असतात ते क्रमांक घातलेले काही कागद. त्यांच्यामागे लेखकाचे नाव, त्याची पूर्वकीर्ती, त्याचा हेतू यांपैकी काहीच उभे नसते. मासिकाकडे कथा पाठविणाऱ्याला संपादकाच्या पत्राची आशा तरी असते. अमुक परिच्छेद वगळावा, शेवट पुन्हा पाहावा, असे सांगणारा कोणी असतो. स्पर्धेत ही सोय नाही. जे पाठविले तेच अखेरचे. तेव्हा संपादकाचे काम लेखकालाच करावे लागते, आणि कथा अद्भुत प्रकारची असेल तर ते दुपटीने कठीण होते. वास्तववादी कथेत काही सुटले तर वाचक स्वतःच्या अनुभवाने ती उणीव भरून काढतो. अद्भुतकथेतील जग मात्र लेखकाच्या वाक्यांपलीकडे कोठेच अस्तित्वात नसते. तेथे एक वाक्य खोटे पडले की सारे जगच कोसळते.

ह्या दृष्टीने मराठीतील एक प्रसंग फार बोलका आहे. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ साली विज्ञानकथांची स्पर्धा घेतली, तिला 'नारायण विनायक जगताप' ह्या नावाने 'कृष्णविवर' ही कथा आली व तिला पहिले पारितोषिक मिळाले. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर होत. आपल्या नावाची आद्याक्षरे उलट्या क्रमाने मांडून त्यांनी ते टोपणनाव बनविले होते. आणि अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथेची प्रत त्यांच्या पत्नी मंगला नारळीकर यांच्या हातून करविली होती. खगोलशास्त्रज्ञ म्हणून नारळीकरांची कीर्ती त्या वेळी जगभर पोहोचलेली होती. तिचा लाभ कथेला मिळू नये, कथेने स्वतःच्या पायांवर उभे राहावे, असा त्या खटाटोपाचा अर्थ.

ह्या प्रसंगाकडे एक मनोरंजक आख्यायिका म्हणून पाहिले जाते. वस्तुतः त्यात आत्मसंपादनाचे सारे तत्त्व सामावलेले आहे. स्वतःचे नाव व स्वतःचे हस्ताक्षर दूर केल्यावर जे उरते, तेवढेच परीक्षकाला दिसणार असते. म्हणून लेखकाने आपला खर्डा आधी स्वतःच परक्याचा म्हणून वाचला पाहिजे.

'कृष्णविवर' ही विज्ञानकथा आहे. अद्भुतकथा तिची सख्खी नसली तरी चुलत बहीण म्हणता येईल. प्रचंड वस्तुमानाजवळ काळाची गती मंदावते, हा विज्ञानकथेचा आधार भौतिकशास्त्रातून येतो. तो खरा की खोटा हे कथेबाहेर जाऊन ताडून पाहता येते. अद्भुतकथेला असा बाहेरचा जामीनदार नसतो. तिने आपला नियम स्वतः घालून द्यावयाचा आणि स्वतःच पाळावयाचा. आनंदवर्धनाने अनौचित्याला रसभंगाचे एकमेव कारण मानले. तो विचार अद्भुतरसाला विशेष लागू पडतो, कारण येथे औचित्य जगाशी नसून कथेच्या स्वतःच्या नियमाशी असते. जे घडते ते अशक्य असो. ते विसंगत असता कामा नये.

वेताळाच्या कथांची चौकट ह्याचा नमुना आहे. प्रेत खांद्यावर घेऊन चालणाऱ्या राजाने मौन पाळावयाचे आहे. वेताळ गोष्ट सांगून प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याचे डोके फुटेल, बोलला तर मौन सुटून वेताळ पुन्हा झाडावर जाईल. एक नियम आणि त्याची एक किंमत, दोन्ही दोन वाक्यांत सांगून झाली. त्यानंतर पंचवीस कथा एकीमागून एक येतात, तरी नियमात काडीचाही बदल होत नाही. एच. जी. वेल्सनेही आपल्या अद्भुत कादंबऱ्यांच्या प्रस्तावनेत हाच विचार वेगळ्या अंगाने मांडला: अशक्य गोष्ट एकच असावी व भोवतालचे सारे जग नेहमीचे असावे, कारण जेथे काहीही घडू शकते तेथे कशाचेच कुतूहल उरत नाही.

'नेहमीचे जग' किती नेमके असावे, ह्याचे उदाहरण एका जुन्या स्पर्धेतच सापडते. १८३३ साली बाल्टिमोरच्या एका साप्ताहिकाने कथेसाठी ५० डॉलरांचे बक्षीस लावले आणि ते एडगर अॅलन पो ह्या त्या वेळी जवळजवळ अज्ञात असलेल्या तरुणाला मिळाले. बाटलीत सापडलेल्या हस्तलिखिताची ती कथा. निवेदक पुढे एका विलक्षण जहाजावर जाऊन पडतो. तेथील वृद्ध खलाशांना तो दिसतच नाही. परंतु त्याआधी पोने काय सांगितले आहे? निवेदकाचे पहिले जहाज सुमारे ४०० टनांचे, मलबारी सागाचे, मुंबईत बांधलेले होते. त्यावर कापूस, तेल, काथ्या, गूळ, तूप, नारळ आणि अफूच्या काही पेट्या होत्या. ज्याने गूळ आणि तूप मोजून दाखविले, त्याने पुढे भुताळी जहाज दाखविले तर वाचक त्याच्याशी वाद घालीत नाही.

आता हे तत्त्व कामाला कसे लावावयाचे, हे पाहण्यासाठी झाशीकडे वळणे सोयीचे आहे. मराठी वाचकाच्या मनातील झाशी मुख्यतः विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'मधून आलेली आहे. १८५८ च्या वेढ्यात गोडसे त्या शहरात होते. चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी वृत्तांत लिहिला. तो वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला, पण काटछाट व फेरफार करून. मूळ मोडी हस्तलिखितावरून सिद्ध केलेली संहिता दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये प्रकाशात आणली. म्हणजे गोडसे भटजींना संपादक लाभला, आणि त्या संपादकाचा हात पुसून मूळ अक्षर शोधणारा दुसरा संपादकही लाभला. स्पर्धेला कथा पाठविणाऱ्याला ह्या दोन्ही भूमिका एकट्यालाच वठवाव्या लागतात: कापणारी आणि राखणारी.

उदाहरणादाखल एक कथाबीज कल्पावे. झाशीच्या किल्ल्यात 'कडकबिजली' नावाची तोफ ठेवलेली आहे. तिच्या तोंडाशी कान लावणाऱ्यास वेढ्यात मेलेल्या आपल्या पूर्वजाचे अखेरचे वाक्य ऐकू येते, पण एका वेळी एकच शब्द. आणि प्रत्येक शब्दाच्या मोबदल्यात ऐकणाऱ्याच्या मायबोलीतील एक शब्द कायमचा पुसला जातो. झाशीत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या एका मराठी घरातले वृद्ध आबा हा सौदा पत्करतात. बीज बरे आहे. नियम एका वाक्यात सांगता येतो, आणि किंमत त्या घराच्या खऱ्या दुःखाशी जोडलेली आहे. तेथील नातवंडे बुंदेली-हिंदीत वाढत आहेत आणि मराठी आधीच शब्दाशब्दाने ओसरत आहे.

ह्या बीजाचा पहिला खर्डा बहुधा असा सुरू होईल: 'वीरांगना लक्ष्मीबाईच्या पदस्पर्शाने पुनीत झालेल्या ऐतिहासिक झाशी नगरीवर एक गूढ, भयाण, काळोखी रात्र पसरली होती.' पुढे नेवाळकर घराण्याचा इतिहास, मग राणीचे दर्शन, बोलणारा घोडा, आणि अखेरीस आबा स्वप्नातून जागे होतात. खर्डा असाच असावयाचा. पहिल्या लेखनात लेखक स्वतःला कथा सांगत असतो व धीर येण्यासाठी ओळखीच्या शब्दांचा आधार घेतो. चूक खर्डा लिहिण्यात नाही, तो पाठविण्यात आहे.

पहिले काम, खर्डा काही दिवस दूर ठेवून मग कथेचा नियम वेगळ्या कागदावर एका वाक्यात लिहिणे. वाक्य एकात मावत नसेल तर दोष भाषेचा नसून कल्पनेचा आहे. मग प्रत्येक प्रसंग त्या वाक्याशी ताडून पाहावा. राणीचे दर्शन आणि बोलणारा घोडा नियमातून निघत नाहीत. ते कितीही सुंदर उतरले असले तरी गेले पाहिजेत. अद्भुताची भर घातल्याने विस्मय वाढत नाही, वाटला जातो.

दुसरे काम आरंभाचे. दोन हजार शब्दांच्या कथेत पाचशे शब्द इतिहासाला दिले तर माणसांना जागा उरत नाही. खर्ड्यात कथा खरोखर कोठे सुरू होते ते शोधावे. ती जागा बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या पानावर असते. येथे आरंभ असा करता येईल: 'वरवंटा कशावर फिरवतात, ते आबांना त्या सकाळी आठवेना. वस्तू समोर होती, शब्द नव्हता. नातीने विचारले तेव्हा ते "सिल" म्हणाले, आणि तिला त्यात काही वेगळे वाटले नाही.' तोफेचे नावही आलेले नाही, पण किंमत दिली जात आहे आणि घरातल्या कोणाला ती दिसत नाही, हे कळून चुकले. रात्रही गळून पडली. किल्ला संरक्षित स्मारक आहे. मध्यरात्री आत शिरावयाचे तर पहारेकरी, किल्ली, भिंत असे नवे खुलासे करावे लागतील. सकाळी तिकीट काढून आत जाणारा म्हातारा कोणाच्याही लक्षात येत नाही, आणि कथेचे शंभर शब्द वाचतात.

तिसरे काम खुलाशांचे, आणि तेच सर्वांत जड जाते. 'तोफेत ही शक्ती कशी आली?' ह्या प्रश्नाला खर्ड्यात हमखास उत्तर असते: कोण्या गोलंदाजाचा शाप, कोण्या साधूचा वर. हे उत्तर वाचकासाठी नसून लेखकाच्या भीतीसाठी असते. 'का' हे न सांगता चालते. 'कसे' आणि 'कितीला' हे मात्र निःसंदिग्ध हवे. त्याबरोबर 'गूढ', 'विलक्षण', 'अनाकलनीय' ही विशेषणे जावीत. विस्मय हा अद्भुतरसाचा स्थायीभाव. तो वाचकाच्या मनात जागवावयाचा असतो, कागदावर त्याचे नाव लिहून तो येत नाही.

चौथे काम सुसंगतीचे. ते डोळ्यांत तेल घालून करावे लागते. 'पाटा' हा शब्द आबांनी गमावला, तर त्यानंतर त्यांच्या तोंडी तो येता कामा नये. इतकेच नव्हे, कथा त्यांच्या नजरेतून सांगितली जात असेल तर निवेदनातही येता कामा नये. गमावलेल्या शब्दांची यादी करून प्रत्येकासाठी कथा पुन्हा वाचावी. कथा मोठ्याने वाचली असता अशा चुका लवकर सापडतात, कारण डोळा सवयीने पुढे सरकतो, जीभ अडखळते. दुसऱ्याकडून वाचून घेता आली तर अधिकच चांगले. जेथे त्याचा सूर चुकतो तेथे बहुधा वाक्यच चुकलेले असते.

राहिला शेवट. स्वप्नातून जाग येणे हा करारभंग आहे. वाचकाने नियम मानला, लेखकाने तो अखेरच्या ओळीत मागे घेतला. शेवट नियमातूनच निघाला पाहिजे. आबांना वाक्य पुरे करावयाचे आहे. पूर्वजाने मरताना काहीतरी ठेवल्याचे सांगितले, एवढे कळले आहे. कोठे, तो शब्द राहिला आहे. अखेरच्या फेरीत तोफ तो ऐकविते: 'पाट्याखाली'. वाचकाला अर्थ कळतो. आबांना कळत नाही. तो शब्द त्यांनी पहिल्याच दिवशी दिलेला आहे. येथे थांबावे. त्यापुढे लिहिलेले प्रत्येक वाक्य कथेतून काही काढूनच घेईल.

स्पर्धेची एक बाजू मात्र विसरता कामा नये. अनेक कथा सलग वाचणाऱ्या परीक्षकाला दचकविण्याचा मोह लेखकाला होतो आणि धक्कादायक शेवटांची पैदास होते. 'पाट्याखाली' हा शेवटही केवळ चलाखी ठरला असता. तो तसा ठरत नसेल तर त्याचे कारण असे की त्यात एका बोलीचा ऱ्हास आहे. काटछाट करताना लेखकाने हाच प्रश्न शेवटी विचारावयाचा असतो: अद्भुत काढून घेतले तर ह्या माणसाचे दुःख उरते काय? उरत नसेल तर कितीही घासूनपुसून कथा सुधारणार नाही.

'कथासरित्सागरा'त गुणाढ्याची आख्यायिका आहे. राजा सातवाहनाने बृहत्कथा नाकारली तेव्हा त्याने अरण्यात पशुपक्ष्यांना वाचून दाखवीत तिचे एकेक पान अग्नीत टाकले. सात लक्ष श्लोकांपैकी सहा लक्ष जळाले. उरलेले लक्ष, नरवाहनदत्ताची कथा, त्याने राखली ती शिष्यांना आवडत होती म्हणून. त्या जळण्यात शोक होता. त्याला संपादन म्हणणे निर्दयपणाचे होईल. तथापि राखताना गुणाढ्याने लावलेली कसोटी आजही उपयोगी आहे. राजाला काय पसंत पडेल, हे त्याने पाहिले नाही. ज्यांना कथा पुन्हा ऐकाविशी वाटत होती, त्यांच्यासाठी त्याने ती ठेवली.