दिवा, रसाचा घोट आणि तंबाखूची पुडी



'लातूर पॅटर्न' हे नाव तुम्ही ऐकलेच असेल. उदगीर, अहमदपूर, कंधार, मुखेड अशा तालुक्यांतून मुले अकरावी-बारावीसाठी लातूरला, नांदेडला येतात आणि खोली घेऊन राहतात. क्लासच्या वाटेवर पानटपरी लागते. शिक्षणसंस्थेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास 2003 च्या कायद्याने मनाई आहे. गुटख्यावर तर महाराष्ट्रात 2012 साली बंदी आली. तरीही एखादा मित्र पुडी पुढे करून म्हणतो, "एकदा घेऊन तर बघ!" एकदाच घेतली तर बिघडले कुठे? याचे उत्तर आपल्या मेंदूत आहे.

मेंदूतील चेतापेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात. डोपामीन हा त्यांतलाच एक निरोप्या. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी 1950 च्या दशकात त्याचे हे काम ओळखले. त्याबद्दल 2000 साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

डोपामीन म्हणजे सुख, असे पुष्कळांना वाटते. ते पुरते खरे नाही. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञांनी माकडांवर प्रयोग केले. आधी दिवा लागे, मग फळांच्या रसाचा घोट मिळे. सुरुवातीला रस मिळताच डोपामीनच्या पेशी चेतत. सवय झाल्यावर त्या दिवा लागताच चेतू लागल्या. रस मिळाला तरी शांत! दिवा लागूनही रस आला नाही, तर त्या मंदावत. म्हणजे 'मिळाले' यापेक्षा 'आता मिळणार' याचाच हा निरोप.

आता पुडीकडे वळू. तंबाखूतील निकोटिन रक्तावाटे मेंदूत पोचते आणि याच पेशींना चेतवते. काही दिवसांत टपरीवरच्या पुड्यांच्या माळा, चुन्याची डबी, तो ओळखीचा वास हाच 'दिवा' बनतो. तो दिसताच तल्लफ येते.

"थांब!" म्हणणारा मेंदूचा भाग कपाळामागे असतो. तो पंचविशीच्या सुमारास पक्व होतो. बक्षिसाची ओढ मात्र किशोरवयातच जोरात असते. बैल तरणे आणि कासरा कच्चा! म्हणूनच या वयात जडलेली सवय पुढे सुटता सुटत नाही.

मग करावे काय? टपरी टाळणारी वाट धरा. तल्लफ आलीच तर पाणी प्या, चार पावले चाला. बहुधा ती काही मिनिटांत ओसरते. सवय जडली असेल तर लाजू नका. 1800-11-2356 या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

आणि आज एक निरीक्षण करा: तुमचा हात नकळत कशाकडे जातो? त्याच्या आधी कोणता 'दिवा' लागतो? वहीत नोंदवा आणि वर्गात चर्चा करा.