सहाशे की साडेसातशे?

जुन्या अमेरिकन व्ही-एट गाड्यांच्या शौकिनांत एक वाद कधी मिटत नाही: इंजिनवर कार्बोरेटर केवढा बसवायचा? बहुतेक वेळा इंजिन असतं शेव्हरोलेचं, 350 घनइंचांचं, म्हणजे 5.7 लिटरचं. 1967 च्या कॅमॅरोमध्ये ते पहिल्यांदा दिसलं आणि पुढे कितीतरी मॉडेलांत बसलं. मालकाने कॅमशाफ्ट बदललेला असतो, एक्झॉस्टला हेडर लावलेले असतात, आता उरलेला असतो कार्बोरेटर. समोर होली कंपनीचे दोन पर्याय असतात, एक 600 चा आणि एक 750 चा. हात हमखास 750 कडे जातो. रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाडीसाठी ही निवड बहुतेकदा चुकीची असते, असं माझं ठाम मत आहे.

होली हे नाव जॉर्ज आणि अर्ल या पेनसिल्व्हेनियातल्या भावांचं. फोर्डच्या मॉडेल टी ला कार्बोरेटर पुरवणाऱ्यांत ते होते. 1957 मध्ये फोर्ड थंडरबर्डवर त्यांचा 4150 हा चार बॅरलचा, म्हणजे हवेच्या चार वाटांचा, कार्बोरेटर आला आणि आज वेगासाठी बांधलेल्या इंजिनांवर जो होली दिसतो, तो बहुधा त्याच घराण्यातला असतो. पुढच्या दोन बॅरलना प्रायमरी म्हणतात, त्या नेहमीच्या चालवण्यासाठी. मागच्या दोन सेकंडरी, त्या जोर हवा असेल तेव्हाच उघडतात.

600 आणि 750 हे आकडे मिनिटाला किती घनफूट हवा आत जाते, ते सांगतात. गंमत म्हणजे चार बॅरलचा कार्बोरेटर पाऱ्याच्या दीड इंच दाबफरकावर मोजतात आणि दोन बॅरलचा तीन इंचांवर. त्यामुळे दोन बॅरलवरचे 500 हे चार बॅरलच्या हिशेबात साधारण 354 च भरतात.

इंजिनला किती हवा लागते, हे कागदावर काढता येतं. घनइंचांना कमाल आरपीएमने गुणायचं आणि 3456 ने भागायचं. एका घनफुटात 1728 घनइंच असतात आणि फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच पूर्ण श्वास घेतं, म्हणून त्याची दुप्पट. 350 चं इंजिन 6000 आरपीएमपर्यंत नेलं तर उत्तर येतं 607. पण सिलिंडर दर वेळी काठोकाठ भरत नाहीत. रस्त्यावरच्या इंजिनसाठी 85 टक्के धरले, तर गरज उरते 516 ची. म्हणजे 600 मध्येही हात सैल सोडलेला आहे. आणि हा हिशेब 6000 चा. शहरात गाडी दोन-अडीच हजारांवर, अर्ध्याहून कमी थ्रॉटलवर चालते.

मोठा घेतला तर बिघडतं काय? कार्बोरेटरच्या गळ्यात व्हेंच्युरी नावाचा अरुंद भाग असतो. हवा तिथून वेगाने जाते, तिथला दाब उतरतो आणि कार्बोरेटरच्या वाटीत साठलेल्या पेट्रोलवर असलेला बाहेरच्या हवेचा दाब ते जेट नावाच्या बारीक छिद्रातून वर ढकलतो. सगळा खेळ हवेच्या वेगाचा आहे. व्हेंच्युरी मोठी असेल तर कमी आरपीएमला हवा रेंगाळते, दाबाचा फरक क्षीण होतो, पेट्रोल उशिरा येतं, आणि आलं तरी बारीक तुषारांऐवजी जाड थेंबांनी. सिग्नल हिरवा झाला की पाय दाबावा आणि गाडीने आधी एक गचका खावा, मग उचलावं, हा अनुभव त्यातूनच येतो. शेवटच्या हजार आरपीएमला मिळणाऱ्या थोड्या अश्वशक्तीसाठी उरलेला सगळा दिवस पिकअप गमवायचा, हा सौदा मला पटत नाही.

सेकंडरी कशा उघडतात, हे आकड्याइतकंच महत्त्वाचं. व्हॅक्यूम सेकंडरीत एक डायफ्राम असतो. इंजिनची मागणी वाढली की तो मागच्या बॅरल हळूहळू उघडतो. कधी उघडायच्या, ते स्प्रिंग बदलून ठरवता येतं. म्हणून व्हॅक्यूमवाला थोडा मोठा घेतला तरी तो सांभाळून घेतो. डबल पंपर नावाच्या प्रकारात मात्र सेकंडरी पायाला जोडलेल्या असतात. पाय दाबला की उघडल्याच, इंजिन तयार असो वा नसो. त्या क्षणी हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ पडू नये म्हणून मागेही एक अ‍ॅक्सिलरेटर पंप दिलेला असतो. हलकी गाडी, मॅन्युअल गिअरबॉक्स, मागे मोठ्या रेशोचा डिफरन्शिअल असेल तर डबल पंपर शोभतो. जड गाडी आणि ऑटोमॅटिक असेल तर व्हॅक्यूमच.

बसवल्यावर मात्र घाई नको. आधी वाटीच्या बाजूचा छोटा स्क्रू काढावा. गाडी आयडलवर असताना पेट्रोल त्या भोकाच्या खालच्या काठाशी जेमतेम पाझरावं. भळभळा वाहिलं तर वाटीतली पातळी राखणारा फ्लोट उंच आहे. इंजिन बंद करून वरून पाहत थ्रॉटल ढकलावा. क्षणाचाही उशीर न होता पेट्रोलची धार सुटायला हवी. मग व्हॅक्यूम गेज लावावा. पॉवर व्हॉल्व्हवर 65 छापलेलं असेल तर साडेसहा इंच व्हॅक्यूमला तो उघडतो आणि जादा पेट्रोल सोडतो. तो आयडल व्हॅक्यूमच्या साधारण निम्म्याचा निवडावा. कॅम तापट असेल आणि आयडलला दहाच इंच मिळत असतील, तर 65 चा खूप लवकर उघडेल आणि गाडी उगाच पेट्रोल पिईल. तिथे 45 किंवा 50 चा हवा. आपल्याकडे आरएक्स 100 मोटारसायकलवर मेन जेट, स्लो जेटशी झटापट केलेल्याला यातलं काहीच परकं वाटणार नाही.

अमेरिकेतल्या नॅस्करच्या मुख्य मोटार शर्यतींनीही 2012 पासून कार्बोरेटर सोडून फ्युएल इंजेक्शन स्वीकारलं. पण ज्यांना हे यंत्र हाताने उघडून समजून घ्यायचं आहे, त्यांच्यासाठी होली अजून नवे बनतात. तेव्हा विकत घेण्याआधी कॅम, गिअर, गाडीचं वजन आणि तुम्ही खरोखर किती आरपीएमपर्यंत नेता, हे चार आकडे कागदावर मांडा. साधारण कॅम, ड्युअल-प्लेन इनटेक मॅनिफोल्ड (कार्बोरेटरमधून सिलिंडरांकडे मिश्रण नेणारा भाग) आणि ऑटोमॅटिक असलेल्या 350 साठी 600 चा व्हॅक्यूम सेकंडरीवालाच घ्या. दोन मापांत मन अडकलं तर लहान घ्या.