दावा तपासावा कसा?

हुबळीच्या श्री सिद्धारूढ स्वामीजी स्थानकाचा फलाट जगात सर्वांत लांब आहे, हा दावा मोजून तपासता येतो. हा फलाट १,५०७ मीटर भरतो, गोरखपूरचा सुमारे १,३६६. याहून लांब फलाट कुठेही सापडला, तर दावा खोटा ठरेल. खोटे ठरण्याची अशी वाट मोकळी असणे हीच कार्ल पॉपर यांच्या मते वैज्ञानिक विधानाची खूण.

‘धारवाडी पेढ्याला तोड नाही’ हे मात्र आवडीचे विधान. ते तपासायचे तर आधी नेमके करावे लागते: डोळे बांधलेला माणूस धारवाडी पेढा चवीने ओळखतो का? चार धारवाडी आणि चार इतर पेढे, तसे सांगून, मिसळून द्यावेत. निव्वळ अंदाजाने सगळे अचूक ओळखण्याची शक्यता ७० त एक. रोनाल्ड फिशर यांनी १९३५ च्या ग्रंथात चहाच्या आठ पेल्यांवर हीच रीत मांडली.

जयंत नारळीकर यांनी नरेंद्र दाभोलकर आदी सहकाऱ्यांसह २००८ मध्ये फलज्योतिष असेच पारखले. हुशार आणि बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या कुंडल्या ज्योतिषांपुढे ठेवल्या. २७ ज्योतिषांची उत्तरे आली. त्यांतील सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली. नाणे उडवूनही ५० च्या आसपास बरोबर येतात. कुंडलीवरून बुद्धी कळते, हा दावा तिथे टिकला नाही.