ब्रह्मकमळ: झाडावर राहणारा निवडुंग

श्रावणांतील एखाद्या रात्रीं भिवंडीच्या आळींतून जातां जातां कोणाच्या ओटीवर दहापांच माणसें जमलेलीं दिसलीं, तर बहुधा तेथें ब्रह्मकमळ उमलत असतें. शेजारीपाजारी बोलावले जातात, फुलापुढें उदबत्ती लागते, आणि उजाडण्यापूर्वींच तें फूल मान टाकतें. एका रात्रीपुरता ज्याचा एवढा सत्कार होतो, त्याच झाडाची वर्षाच्या इतर दिवसांत जी आबाळ होते, तिच्याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम नांवाचा घोटाळा. खरें ब्रह्मकमळ हिमालयांत बारा हजार फुटांच्या वर वाढतें. तें सूर्यफुलाच्या कुळांतील असून बदरी-केदार येथें देवास वाहतात. उत्तराखंडाचें राज्यपुष्प तेंच. तें आपल्या दमट हवेंत जगणार नाहीं. आपल्या कुंडींतील झाड मूळचें मेक्सिको व मध्य अमेरिका येथील अरण्यांतलें, आणि कुळानें निवडुंग होय. हॉवर्थ या इंग्रज शास्त्रज्ञानें १८२९ सालीं त्यास 'एपिफायलम' या वर्गांत घातलें. या नांवाचा अर्थ पानावर फुलणारें असा होतो. पण आपण ज्याला पान म्हणतों तें वस्तुतः चपटें झालेलें खोडच आहे, व कळी त्याच्या कडेवरील खांचेंतून निघते. कोणी भक्तीनें त्याची पूजा केली तर आमची हरकत नाहीं. मात्र हिमालयांतलें म्हणून कोणी जास्त दाम मागितल्यास देऊं नये. शेजाऱ्याकडून एक फांदी मागून आणली कीं काम झालें.

निवडुंग म्हटल्याबरोबर शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढें बांधावरचा फड्या उभा राहतो. दक्षिणेकडे या फड्यानें पुष्कळ जमीन गिळली होती, व १९२६ सालीं सिलोनहून आणलेल्या कोचिनील जातीच्या किड्यानें त्याचा बराच नाश केला. परंतु या दोघांचें कूळ एक असलें तरी स्वभाव एक नव्हे. फड्यास कोरडें माळरान व कडक ऊन मानवतें. हा दुसरा घनदाट रानांत, झाडाच्या बेचक्यांत सांठलेल्या कुजक्या पाल्यावर राहतो आणि तेथून खालीं लोंबतो. आपल्याकडे आंब्यावर आमरी वाढते, तसाच हा. बांडगुळाप्रमाणें तो आश्रय देणाऱ्या झाडाचा रस शोषीत नाहीं, तेव्हां अंगणांतील आंब्याच्या खोडाला बांधला तरी भय नाहीं.

हें ध्यानांत न घेतल्यानें दोन तऱ्हेचे अपराध होतात. कोणी निवडुंगच तो म्हणून त्याला गच्चीवर उन्हांत ठेवतात, तेथें तो चैत्रवैशाखांत पिवळा पडतो. उलट आपल्या भातकऱ्यांचा हात चिखलणीला सरावलेला. माती जितकी मऊ व ओली तितकें बरें, असें आपल्या हाडांत मुरलेलें आहे. आम्हींहि खाचरांतली चिकण माती कुंडींत दाबून भरली व रोज तांब्याभर पाणी घातलें. पहिल्याच आषाढांत खोड बुडाशीं मऊ पडून कुजलें. त्या झाडाला पाण्याचा तिटकारा नाहीं, मुळांना वारा न मिळण्याचा आहे.

म्हणून दोन भाग कुजलेला पाला, एक भाग नारळाच्या सोडणाचे तुकडे, एक भाग विटेचा चुरा व कोळसा, आणि वर मूठभर जुनें शेणखत असें मिश्रण करावें. कुंडी लहानच बरी. मुळें थोडीं दाटलेलीं असलीं म्हणजे फूल चांगलें येतें. पूर्वेकडील पडवी किंवा सज्जा, जेथें सकाळचें कोंवळें ऊन लागून दुपारीं सावली पडते, ही जागा उत्तम. वरची माती बोटाला कोरडी लागली कीं पाणी द्यावें. आषाढाच्या झडींत कुंडी वळचणीच्या आंत घ्यावी. हिंवाळ्यांत पाणी बरेंच कमी करावें, कारण त्या विसांव्यावर पुढील बहर अवलंबून असतो. युरिया तर मुळींच घालूं नये. नत्र फार झाल्यास हातभर लांब फांद्या सुटतात आणि कळी एकहि दिसत नाहीं. यंत्रमागांच्या वस्तींत पानांवर कापसाचे तंतू व धूळ बसते, ती ओल्या फडक्यानें पुसावी. पुसतांना सांध्यांत पिठ्या ढेकूण दिसला तर निंबोळीच्या तेलाचें साबणाच्या पाण्यांत कालवलेलें मिश्रण पुरतें. पावसाळ्यांत गोगलगाई कोंवळे शेंडे खातात. त्या रात्रीं दिवा घेऊन वेंचाव्या.

छडीसारखी गोल फांदी सरळ वर गेली तर ती वांझ म्हणून कापूं नये. तिलाच पुढें चपट्या फांद्या फुटतात. कळी दिसल्यावर कुंडी हलवूं नये, फिरवूंहि नये, नाहींतर कळ्या गळतात. कळीचें देंठ वांकून तोंड वर वळलें व ती फुगली, कीं त्या संध्याकाळीं शेजाऱ्यांना निरोप धाडावा. आठ-नऊला पाकळ्या सुटूं लागतात आणि मध्यरात्रीच्या सुमारास फूल पुरतें उघडतें. मूळ देशीं रात्रीं उडणारे मोठे पतंग त्यावर येतात. एवढा पांढरा रंग व सुवास त्यांच्याचकरितां आहे.

पाहुण्यांपैकीं कोणी फांदी मागितली, तर बहर सरल्यावर द्यावी. वीतभर तुकडा कापून तो आठवडाभर सावलींत सुकूं द्यावा, जखम भरली कीं वरील मिश्रणांत दोन बोटें खोल रोवावा, आणि वरचा शेंडा वरच राहील हें पाहावें. फूल यावयास दोन-तीन वर्षें लागतात, हें घेणाऱ्यास आधींच सांगून ठेवावें.