रॅम वाचवायचीय? मेसेज फ्लॅशमध्येच ठेवा!

आज आर्डुइनो उनोच्या मेमरीबद्दल बोलूया. त्यातल्या एटीमेगा ३२८पी चिपमध्ये फ्लॅश आहे ३२ किलोबाइट, पण रॅम फक्त २. म्हणजे २०४८ बाइट, बस्स!

आता तुम्ही प्रिंटमध्ये अवतरणचिन्हांत एक मेसेज लिहिला. तो फ्लॅशमध्ये असतोच, पण बोर्ड चालू होताना त्याची कॉपी रॅममध्येही जाते आणि तिथंच ठाण मांडून बसते. कारण या चिपमध्ये फ्लॅश आणि रॅमचे पत्ते वेगवेगळे, आणि साधा पॉइंटर रॅममध्येच बघतो. ४० अक्षरांचे ३० वेगळे मेसेज म्हणजे प्रत्येकाच्या शेवटच्या शून्यासकट १२३० बाइट गेले! उरलेल्या जागेत बाकीचा डेटा आणि स्टॅक मावला नाही, तर कोड कंपाइल झाला तरी बोर्ड मधेच रीसेट होऊ शकतो किंवा भलतंच काही छापू शकतो. कारण शोधता शोधता नाकी नऊ येतात.

उपाय सोपा आहे. मेसेजच्या आधी कॅपिटल एफ लिहा आणि मेसेज कंसात टाका. मग तो फ्लॅशमध्येच राहतो, प्रिंट तिथूनच एकेक बाइट वाचतं. साध्या सीमध्ये प्रोगमेम वापरा, पण वाचताना पीजीएम रीड बाइटच हवं, नाहीतर हाती कचरा येईल. मी तर न बदलणारा प्रत्येक मेसेज एफमध्येच टाकतो. रॅम बदलणाऱ्या गोष्टींसाठी ठेवा!