दंडयंत्रणांचे संगणकीय सदृशीकरण

दंडयंत्रणांचे संगणकीय सदृशीकरण : सांध्यांनी एकमेकांस जोडलेल्या दृढ दांड्यांच्या यंत्रणेच्या क्रमवार स्थिती गणिताने काढून त्या संगणकाच्या पडद्यावर हलत्या चित्राच्या रूपाने दाखविण्याची पद्धती. यासाठी खास अभियांत्रिकी प्रणाली आहेत. परंतु मॅथेमॅटिका (१९८८), सायलॅब, जिओजेब्रा यांसारख्या सर्वसाधारण गणिती प्रणालीही पुरतात.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात विसाव्या शतकात तेल एंजिनांचा उद्योग वाढला. या एंजिनातील दट्ट्या, संयोगदांडा व भुजा (कारखान्यातील भाषेत पिस्टन, कनेक्टिंग रॉड व क्रँक) ही सर्वांत परिचित दंडयंत्रणा होय. भुजेची लांबी भ, संयोगदांड्याची द व भुजेने वरच्या टोकापासून केलेला कोन क असल्यास भुजादंडाच्या अक्षापासून दट्ट्याच्या खिळीचे अंतर भ कोज्या क + √(द² − भ² ज्या² क) एवढे असते. भ = ५ सेंमी. व द = २० सेंमी. घेतल्यास दट्ट्याची एकूण धाव १० सेंमी. होते, पण पहिल्या ९०° मध्ये तो ५·६४ सेंमी. उतरतो आणि पुढील ९०° मध्ये केवळ ४·३६ सेंमी. संयोगदांडा तिरपा होत असल्याने ही विषमता येते. क चे मूल्य थोडथोडे वाढवून प्रत्येक वेळी आकृती काढली की चलच्चित्र तयार होते.

चार दांड्यांच्या बंद यंत्रणेत काम इतके सरळ नसते. तिचा एक सांधा दोन वर्तुळांच्या छेदनबिंदूवर असतो आणि असे बिंदू सामान्यतः दोन असतात. प्रणालीने मध्येच दुसरा बिंदू निवडल्यास चित्रातील यंत्रणा एकदम उलटी पडते. खरी यंत्रणा सुटी केल्याशिवाय तशी होत नाही. म्हणून प्रत्येक स्थिती काढताना लगतच्या पूर्वस्थितीपासून आरंभ करतात. वर्तुळे छेदतच नसतील, तर ती स्थिती अशक्य असते. अशा वेळी काही प्रणाली ऋण संख्येचे वर्गमूळ सदसत् संख्येत काढून पुढे जातात व आकृतीत केवळ तिचा सत् भाग उमटल्यास दांड्याची लांबी मुकाट्याने बदलते! यास्तव प्रत्येक चित्रात लांब्या पुन्हा मोजून पाहणे इष्ट. सर्वांत आखूड व सर्वांत लांब दांड्यांची बेरीज उरलेल्या दोहोंच्या बेरजेहून अधिक असल्यास कोणताही दांडा इतरांच्या सापेक्ष पूर्ण फेरी घेऊ शकत नाही, हा ग्रासहोफ यांचा नियम आधीच पडताळल्यास पुष्कळ श्रम वाचतात.

असे चित्र केवळ भूमिती दाखविते. त्यात भुजा समान टप्प्यांनी फिरते. प्रत्यक्ष एकसिलिंडरी एंजिनात प्रचक्र असूनही वेग कमीजास्त होतो. घर्षण, सांध्यांतील ढिलाई व दांड्यांची लवचिकता त्यात नसते. बले हवी असल्यास गतीची अवकल समीकरणे वेगळी मांडून सोडवावी लागतात.