आगीनें जळालेलें घर, सारा-घरपट्टीची सूट आणि पावतीची किंमत

फाल्गुन सरून चैत्राचें ऊन तापूं लागलें कीं सातपुड्याच्या उतारावर रात्रीं वणव्याच्या वेड्यावांकड्या रेषा दिसूं लागतात. नंदुरबार जिल्ह्यांतील अक्राणी, अक्कलकुवा व तळोदें ह्या तालुक्यांच्या शेतकऱ्यांस हें दृश्य नवें नाहीं. मोहाचीं फुलें वेंचणें सोपें जावें म्हणून झाडाखालचा पाला पेटवितात, कोठें तेंदूस नवी पालवी यावी म्हणून रान जाळतात, कोठें विडीचें थोटूक निमित्त होतें. वारा फिरला कीं तीच आग बांध ओलांडून खळ्यांत, वैरणीच्या गंजींत आणि शेवटीं पाड्यांत येते. घर सागाच्या खांबांचें, भिंती बांबूच्या कुडाच्या, माळ्यावर चारा, कणगींत वर्षाचें धान्य, आणि गुरें त्याच छपराखालीं. ओढे आटलेले, घरें टेंकाडाटेंकाडांवर विखुरलेलीं, आणि बंब दूर सपाटीवरच्या शहरांत. एकदां घर पेटलें म्हणजे संसार, बियाणें व बैल तिन्ही एका रात्रींत जातात.

अशा वेळीं "सरकार आतां सारा माफ करील" असें म्हणून धीर देणारा कोणीतरी भेटतोच. हें बोलणें कितपत खरें आहे व कितपत उपयोगाचें आहे, तें शेतकरी बंधूंनीं नीट समजून घ्यावें.

१९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ७८ व्या कलमानें पीक बुडाल्यास, पूर आल्यास अथवा अन्य नैसर्गिक आपत्ति कोसळल्यास शासनाच्या नियमांस अनुसरून सारा कमी करण्याचा, तहकूब ठेवण्याचा किंवा सोडून देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांस दिला आहे. ह्यांतील तहकुबी व सूट हे दोन शब्द पुष्कळजण एकच समजतात. ते एक नव्हेत. तहकूब झालेला सारा पुढें सुगी साधल्यावर मागितला जातो. सूट मिळालेला सारा कायमचा जातो. तहकुबीचा हुकूम ऐकून निश्चिंत झालेल्या माणसास पुढील वर्षीं दोन वर्षांची मागणी आली म्हणजे हा भेद कळतो.

ही व्यवस्था मुळांत अवर्षणाकडे पाहून घडलेली आहे. १९१८ सालीं शेजारच्या गुजराथेंत खेडा जिल्ह्यांत जो सत्याग्रह झाला, त्यांतील वाद हाच होता कीं पीक चार आण्यांच्या आंत आलें कीं नाहीं. कारण तसें आलें असल्यास त्या वर्षीचा सारा तहकूब ठेवणें नियमानें प्राप्त होतें. आज आण्यांच्या जागीं पैसे आले. खरिपाची अंतिम पैसेवारी १५ डिसेंबरच्या सुमारास जाहीर होते, व ५० पैशांच्या आंतील गांवांचा सवलतींसाठीं विचार होतो. पण पैसेवारी असते सबंध गांवाची. पाऊस रुसला तर सर्वांवर रुसतो. आग एकाचें घेते व शेजाऱ्याचें सोडते. शिवाय पैसेवारी कापणीच्या उताऱ्यावरून ठरते. खळ्यांत रचलेली ज्वारी त्यानंतर जळाली तरी कागदावर ती पिकलेलीच राहते. म्हणून आगीनें नागविलेल्यानें पैसेवारीची वाट पाहत बसूं नये. स्वतःच्या नुकसानीचा निराळा अर्ज तहसीलदारांकडे करावा.

आतां रकमेचें बोलूं. सातबाऱ्यावरील आकाराचा रकाना काढून पाहावा. डोंगरांतील हलक्या जमिनीचा आकार पुष्कळदां थोडक्या रुपयांत मावतो. तेवढी सूट मिळून जळालेल्या घराची एक तुळईहि उभी राहणार नाहीं. खरा आधार निराळ्या खात्यांतून येतो. आग ही आपत्ति-मदतीस पात्र अशा आपत्तींच्या केंद्रीय यादींत आहे. केंद्रानें २०२२-२३ ते २०२५-२६ ह्या काळासाठीं ठरविलेल्या दरांप्रमाणें पूर्ण नष्ट झालेल्या घरास, मग तें कच्चें असो वा पक्कें, सपाटीवर १,२०,००० व डोंगराळ भागांत १,३०,००० रुपये; ओढकामाच्या बैलास ३२,०००; दुभत्या गाई-म्हशीस ३७,५००; गोठ्यास ३,०००; आणि झोपडीस ८,००० रुपये असे आंकडे आहेत.

वाचकांनीं शेवटचा आंकडा पुन्हा वाचावा. कुडाच्या भिंतींचें व गवती छपराचें घर पाहून पंचनाम्यांत कोणी "झोपडी" असा एक शब्द लिहिला, तर लाखाच्या वरची मदत आठ हजारांवर येते. आमच्या मतें सातपुड्यांतील वडिलोपार्जित घर, ज्यांत पंधरा-वीस सागाचे खांब असतात व तीन पिढ्या नांदतात, तें झोपडी नव्हे. तें कच्चें घर होय, व तसेंच लिहिलें गेलें पाहिजे. ह्यासाठीं राख उपसण्याची घाई करूं नये. जळालेल्या खांबांचे बुंधे मोजून ठेवावे, जोत्याची लांबी-रुंदी घ्यावी, छायाचित्र काढावें, मेलेल्या जनावरांचा पशुवैद्याचा दाखला घ्यावा. तलाठी, ज्यांस २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते येईपर्यंत पोलीस पाटील व दोन शेजारी ह्यांनीं जागा पाहिलेली असावी. पंचनामा वाचून दाखविल्याशिवाय अंगठा अथवा सही देऊं नये.

राहिली घरपट्टी. घरच उरलें नाहीं तर पट्टी कसली, असें कोणासहि वाटेल. येथेंच आमचें मुख्य सांगणें आहे. मदतीच्या नियमांत जळालेलें घर अधिकृत असल्याचा दाखला लागतो, आणि डोंगरांतील माणसाजवळ तो दाखविण्यास पुष्कळदां घरपट्टीच्या पावतीवांचून दुसरें कांहीं नसतें. तिची दुसरी किंमत याहून मोठी आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून वनजमीन कसणाऱ्यास चार हेक्टरांपर्यंत हक्क मागतां येतो. आणि त्या कायद्याच्या १३ व्या नियमांत जे पुरावे सांगितले आहेत, त्यांत मतदार-ओळखपत्र व शिधापत्रिका ह्यांच्या जोडीस घरपट्टीची पावती स्पष्ट नमूद आहे. ज्याचा दावा अद्याप निकालांत निघाला नाहीं, त्यास सातबारा नाहीं. सातबारा नाहीं म्हणून सारा नाहीं. आणि सारा नाहीं म्हणून साऱ्याची सूटहि नाहीं. आगीच्या सर्वांत जवळ राहणारा हाच शेतकरी, व सवलतीच्या सर्वांत लांबहि हाच. त्यानें जर "घर जळालें, नांव काढून टाका" असा अर्ज ग्रामपंचायतींत दिला, तर थोड्या रुपयांच्या पट्टीपायीं तो आपल्या वहिवाटीचा पुरावा स्वतःच्या हातानें पुसतो.

सूट व नोंद ह्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतां येतात, हें दूरच्या एका उदाहरणावरून दिसेल. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतीं जानेवारी २०२५ मध्यें लॉस एंजेलिस परिसरांत वणव्यांनीं १६,००० हून अधिक इमारती जाळल्या. तेथील कायद्यांत १०,००० डॉलरांहून अधिक नुकसान झालेल्या मालकानें बारा महिन्यांच्या आंत अर्ज केला म्हणजे मालमत्तेचें मूल्य उतरवून कर कमी करितात. मालकी व खातें कायम राहतें. पूर्वीसारखेंच घर पुन्हा बांधलें कीं जुनें मूल्य पुन्हा धरितात. तेथील श्रीमंतांच्या बंगल्यांशीं आमच्या पाड्यांची तुलना करण्याचा हेतु नाहीं. अर्जाची रीत तेवढी घेण्याजोगी आहे.

म्हणून ग्रामपंचायतीकडील अर्जांत असें लिहावें: "अमुक तारखेस माझें घर आगीनें पूर्ण जळालें. पंचनाम्याची प्रत सोबत जोडली आहे. घर पुन्हा उभें राहीपर्यंतची घरपट्टी सोडावी. कर-आकारणीच्या यादींतील माझें नांव व घराचा क्रमांक मात्र कायम ठेवावा." हा विषय ग्रामसभेपुढें ठेवण्याची विनंती त्यांतच करावी, म्हणजे इतिवृत्तांतहि आगीची नोंद राहते. अर्जाच्या दोन प्रती कराव्या व एकीवर पोंच घ्यावी. जुन्या पावत्या घराबरोबर जळाल्या असतील तर कर-नोंदवहीचा उतारा त्याच दिवशीं मागावा; आणि ज्यांच्या पावत्या अजून शाबूत आहेत त्यांनीं त्या माळ्यावरच्या गाठोड्यांत न ठेवतां पत्र्याच्या डब्यांत घालून, त्यांची एक नक्कल दुसऱ्या पाड्यावरील नातलगाकडे द्यावी.